वहीतले सुविचार आणि आठवड्याची गोळी

पत्राचा सारांश : पत्रलेखिका सत्तेचाळीस वर्षांच्या असून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांना आमवाताचे, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्या आजाराचे निदान झाले. शाळेच्या परिपाठासाठी रोज सुविचार निवडण्याची सवय त्यांना आधीपासूनच होती. निदानानंतर त्यांनी स्वतःसाठीही एक वही केली. सकाळी बोटे मिटत नाहीत, चहाचा कप उचलवत नाही, अशा वेळी वहीतले एखादे वाक्य वाचले की उठण्याचे बळ येते, असे त्या लिहितात. तेच वाक्य त्या मोबाइलच्या स्टेटसवरही ठेवतात. अलीकडे मात्र या वहीवरून त्यांच्या मनात गोंधळ उडाला आहे. नणंद रोज ‘मन करा रे प्रसन्न’च्या चालीवरचे संदेश पाठवून आजार मनातून येतो आणि मनानेच जातो, असे पटवून देत आहेत. अभियांत्रिकीला असलेला मुलगा या वहीला पळवाट म्हणतो. वरच्या मजल्यावरचा वर्ग बदलून मागितला तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, तुमचं स्टेटस बघून तर तुम्ही अगदी ठणठणीत वाटता.” मनाची ताकद आजमावावी म्हणून मध्यंतरी त्यांनी महिनाभर आठवड्याची गोळीही घेतली नाही. आता सांधे पुन्हा सुजले आहेत आणि वहीतले एकही वाक्य मनाला भिडत नाही. “मी इतकी वर्षे स्वतःची नुसती समजूत घालत होते का? ही वही बंद करावी का?” असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राचा बहुतेक भाग वहीने व्यापला आहे, आणि गोळी बंद केल्याचा उल्लेख त्यात एका ओळीत, जाता जाता आला आहे. मला मात्र उत्तराची सुरुवात त्याच ओळीपासून करावी लागेल. तुम्ही गोळीचे नाव लिहिलेले नाही. पण आमवातात आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी बहुधा मेथोट्रेक्सेट असते. या औषधाचा गुण यायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात आणि ते बंद केल्यावर त्याचा परिणामही एका रात्रीत ओसरत नाही. म्हणूनच गोळी सोडल्यावर पहिले काही दिवस बरे गेले असतील आणि त्याचे श्रेय तुम्ही मनाच्या ताकदीला दिले असेल, तर ते स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ते दिवस आधी घेतलेल्या गोळ्यांचे होते. सूज औषधाने उतरू शकते, परंतु सूज आटोक्यात नसताना सांध्याच्या हाडाची जी झीज होते ती भरून निघत नाही, आणि म्हणून या बाबतीत प्रयोग करून पाहण्याला फार कमी जागा आहे.

तेव्हा याच आठवड्यात तुमच्या संधिवाततज्ज्ञांना भेटा आणि गोळी सोडली होती हे त्यांना स्पष्टपणे सांगा. ते रागावतील या भीतीने ही गोष्ट लपवली, तर ते नव्या सुजेचा अर्थ औषध लागू पडत नाही असा लावतील आणि विनाकारण डोस वाढवतील किंवा औषध बदलतील. चुकलेले डोस भरून काढण्यासाठी मनाने जास्त गोळ्या घेऊ नका. ही गोळी चुकून रोज घेतली गेल्यास जिवावर बेतू शकते, एवढी ती जपून वापरण्याची आहे. तिच्यासोबत फॉलिक अॅसिड आणि ठरावीक काळाने यकृताची व रक्तपेशींची तपासणी सांगितली जाते ती त्याचसाठी. ती तपासणी राहिली असेल तर तीही करून घ्या.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते. तो विचारताना तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती अशी की वही एकतर खरी असली पाहिजे किंवा खोटी. एकतर सुविचारांनी आजार हटला पाहिजे, नाहीतर ती निव्वळ समजूत ठरते. ही अट तुमची स्वतःची नाही. ती नणंदेच्या संदेशांतून तुमच्या मनात शिरली आहे, असे तुमचे पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटते, कारण पहिली पाच वर्षे तुम्ही त्या वहीकडून फक्त उठून दिवस सुरू करण्यापुरते बळ मागितले होते आणि ते तिने दिले होते. शरीर बरे करण्याचे काम तिच्यावर नंतर लादले गेले, आणि ते तिला जमले नाही म्हणून आता तिची आधीची पाच वर्षेही तुम्हाला संशयास्पद वाटू लागली आहेत.

आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, धूम्रपानाने धोका वाढतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार दुपटीहून अधिक आढळतो. नकारात्मक विचार केल्यामुळे तो जडतो असे मात्र नाही. मन आणि दुखणे यांचा संबंधच नसतो असेही मी म्हणणार नाही. झोप न होणे, भीती, काळजी यांमुळे त्याच सांध्याचे दुखणे अधिक जाणवते, आणि मन शांत असले तर तेवढेच दुखणे सोसायला सोपे जाते. पण दुखणे कसे सोसले जाते ही एक बाब आणि सांधा का सुजतो ही दुसरी. पहिल्या बाबतीत वाक्य कामाला येते, दुसऱ्या बाबतीत औषध. नणंदेच्या संदेशांत या दोन्हींची सरमिसळ झालेली आहे, आणि त्या सरमिसळीचा भुर्दंड आजारी माणसाला भरावा लागतो. सांधा पुन्हा सुजला की आता दुखण्याबरोबर अपराधीपणाही येतो : माझेच मन कमी पडले असेल!

ज्या अभंगाचा आधार घेऊन हे सांगितले जाते तो अभंग तरी पूर्ण पाहू. ‘मन करा रे प्रसन्न । सर्व सिद्धीचें कारण ।’ याच्या पुढचे चरण आहेत, ‘मोक्ष अथवा बंधन । सुख समाधान इच्छा ते ॥’ तुकोबा येथे सिद्धी, मोक्ष, बंधन आणि समाधान यांविषयी बोलत आहेत. सुजलेल्या मनगटाविषयी त्यांनी काही सांगितलेले नाही. शिवाय ज्यांनी हे लिहिले त्यांनीच ‘दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’ असेही लिहिले आहे. घरातले माणूस अन्नावाचून गेले, हे दुःख त्यांनी ‘सकारात्मक’ करून मांडले नाही, जसे होते तसे शब्दांत ठेवले. या दोन्ही रचना एकाच गाथेत आहेत, मात्र सकाळच्या संदेशात फिरते ती त्यांपैकी एकच.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. ‘जगी सर्व सुखी असा कोण आहे । विचारी मना तूंचि शोधूनि पाहे ॥’ ही समर्थ रामदासांची ओळ तुमच्या वहीत नसेल असे मला वाटत नाही. परिपाठातही तुम्ही ती अनेकदा घेतली असेल. आजारी माणसाला तिचा खरोखर आधार वाटतो, कारण ती सांगते की तू एकटा नाहीस. पण मनाच्या श्लोकांतील त्याच श्लोकाचा उत्तरार्ध असा आहे : ‘मना त्वांचि रे पूर्वसंचित केले । तयासारिखे भोगणे प्राप्त जाले ॥’ म्हणजे पहिल्या दोन चरणांनी पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या दोन चरणांनी दोष पदरात टाकला. पूर्वसंचितावर कोणाची श्रद्धा असावी की नसावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मला एवढेच दाखवायचे आहे की तुम्ही, आणि तुमच्यासारख्या असंख्य वाचकांनी, या श्लोकाचा पूर्वार्ध उचलला आणि उत्तरार्ध जागच्या जागी राहू दिला. ही निवड तुमची आहे आणि तिच्यात शहाणपण आहे. वही म्हणजे पाठांतर नव्हे. काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे तुम्ही नकळत ठरवत आलाच आहात, ते आता जाणीवपूर्वक करा असे मी सुचवेन.

त्यासाठी एक साधी कसोटी आहे. एखादे वाक्य आज, सांधे सुजलेले असताना वाचून पाहा. ते वाचून श्वास थोडा मोकळा झाला, तर ते राहू द्या. ते वाचल्यावर कोणीतरी आपल्याला दटावले असे वाटले, तर त्यावर सरळ रेघ मारा, मग ते कितीही थोर माणसाच्या नावावर असो. (तसेही स्वामी विवेकानंद आणि डॉ. अब्दुल कलाम यांच्या नावावर त्यांनी कधी न लिहिलेली इतकी वाक्ये फिरत असतात की नुसत्या नावाचा मुलाहिजा ठेवण्याचे कारण नाही.) ‘शेवटपर्यंत लढा, विजय तुमचाच आहे’ या जातीची वाक्ये या कसोटीला बहुधा उतरणार नाहीत. मोडलेले हाड जुळते, विषमज्वर उतरतो, तेथे जिंकण्याची भाषा चालून जाते. आमवात, मधुमेह, दमा, किंवा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला बसवणारा मूत्रपिंडाचा विकार हे सोबत राहणारे आजार आहेत, आणि जेथे विजयाचा दिवस नेमलेलाच नाही तेथे रोज विजयाची हाक दिली तर माणूस रोज संध्याकाळी हरतो.

मानसशास्त्रातील एक प्रयोग येथे सांगण्यासारखा आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोअॅन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात काही जणांना घंटा वाजली की ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असे स्वतःशी म्हणायला सांगितले होते. ज्यांचे स्वतःविषयीचे मत आधीच चांगले होते त्यांना त्याने थोडे बरे वाटले. ज्यांचा आत्मसन्मान खालावलेला होता त्यांना मात्र ते वाक्य म्हटल्यावर, न म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक वाईट वाटले. तो प्रयोग आजारी माणसांवर केलेला नव्हता, तेव्हा त्यातून फार मोठा निष्कर्ष काढू नये. तरीही मनाला न पटणारे चांगले वाक्य जबरदस्तीने घोकले तर मन उलट बाजूचे पुरावे गोळा करू लागते, हा अनुभव तुम्हाला गेल्या महिन्यात आलेला आहेच. आज एकही वाक्य भिडत नाही याचा अर्थ वही खोटी होती असा नाही. सुजेच्या दिवसांत चांगल्या दिवसांची वाक्ये लागू पडत नाहीत, इतकाच त्याचा अर्थ आहे.

अशा दिवसांसाठी आनंदी वाक्य शोधण्यापेक्षा खरे वाक्य शोधावे. ‘सुख पाहतां जवापाडें । दुःख पर्वताएवढें ॥’ हा अभंग वरवर पाहता निराशेचा वाटतो, आणि तरीही पिढ्यान् पिढ्या लोकांना त्याने धीर दिला, कारण तो दुःखाचे माप कमी करून सांगत नाही. याच अभंगात पुढे ‘नेलें रात्रीनें तें अर्धें । बाळपण जराव्याधें’ असा आयुष्याचा हिशेब येतो : अर्धे आयुष्य रात्र नेते, उरलेल्यातून बाळपण, म्हातारपण आणि व्याधी आपापला वाटा उचलतात. आपल्या दुखण्याला या हिशेबात कोणीतरी आधीच जागा करून ठेवली आहे, हे वाचून कदाचित तुम्हाला बरे वाटेल. वाटले नाही, तर त्यावरही रेघ मारा.

आणि दुसऱ्यांच्या वाक्यांबरोबर स्वतःची वाक्येही वहीत येऊ द्या. ‘आज बोटांचा ताठरपणा साडेनऊपर्यंत होता, काल अकरापर्यंत होता.’ ‘उजव्या हाताने फळ्यावर लिहिता आले नाही, मुलांकडून लिहवून घेतले आणि वर्ग छान चालला.’ ही वाक्ये कोणी फ्रेम करून भिंतीवर लावणार नाही. पण सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो हा प्रश्न तुमचे डॉक्टर दर भेटीत विचारतात, आणि तो आठवून सांगण्यापेक्षा वहीतून वाचून दाखवणे केव्हाही चांगले. वाईट दिवसानंतर बरा दिवस आल्याची नोंद तुमच्याच अक्षरात असली, तर पुढच्या वाईट दिवशी तिच्याइतका विश्वासार्ह सुविचार दुसरा मिळणार नाही. लिहिताना बोटे दुखत असतील तर जाड पकडीचे पेन घ्या, किंवा मोबाइलवर मराठीत बोलून टंकलेखन करण्याची सोय आहे ती वापरा. अक्षर सुबक यावे म्हणून सांध्यांवर ताण देऊ नका.

नणंदेबद्दल तुम्ही फार जपून लिहिले आहे. त्यांचा हेतू वाईट नसावा. दीर्घ आजारापुढे नातेवाइकांना आपण काहीच करू शकत नाही याची अस्वस्थता वाटते आणि संदेश पुढे पाठवला की काहीतरी केल्याचे समाधान मिळते. पण एकच ओळ आपण स्वतः निवडली तर आधार होते आणि तीच दुसऱ्याने आपल्या अंगावर टाकली तर तोंड बंद करते, हा फरक त्यांच्या लक्षात आणून द्यायला हवा, कारण तुमचे गप्प राहणे त्या संमती समजत आहेत. त्यांना साधारण असे लिहून पाहा : “ताई, तुम्ही रोज आठवण काढता याचं बरं वाटतं. पण आजार मनामुळे आहे असं वाचलं की मला दुखण्याबरोबर दोषीही वाटतं. माझी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालू राहील. पुढच्या सोमवारी रक्त द्यायला जायचं आहे, तेव्हा तुम्ही सोबत आलात तर मला खरंच मदत होईल.” त्या आल्या तर उत्तमच. न आल्या तरी संदेशांचा सूर बदलेल, निदान कमी तरी होतील. ज्यांच्या घरात, नात्यात कोणी असे दीर्घ आजारी आहे, त्या वाचकांनीही ‘सकारात्मक राहा’ असे लिहिण्याआधी आपण त्यांना नेऊन आणू शकतो का, डबा देऊ शकतो का, औषधाच्या दुकानात जाऊ शकतो का, याचा विचार करावा.

मुख्याध्यापकांचे बोलणे तुम्हाला लागले, आणि ते लागण्यासारखेच होते. तरीही त्यांच्या बाजूने थोडे पाहा. स्टेटसवर रोज सूर्योदयाच्या चित्रावर उमेदीचे वाक्य ठेवणाऱ्या व्यक्तीला जिना चढवत नाही, हे त्यांना कळणार कसे? स्टेटस ठेवणे बंद करा असे मी म्हणत नाही. तुमचा आजार सर्वांना जाहीर करणे तुमच्यावर बंधनकारक नाही, आणि आजारपणातही प्रसन्न दिसावेसे वाटणे यात खोटेपणा नाही. पण ज्यांच्याकडून आपल्याला सवलत हवी आहे त्यांच्याशी स्टेटसच्या भाषेत किंवा तोंडी बोलून चालत नाही. तळमजल्यावरचा वर्ग मिळावा असा लेखी अर्ज द्या, त्यासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा, सकाळी ताठरपणा किती वेळ असतो आणि जिना चढल्याने काय होते ते दोन ओळींत लिहा, आणि अर्जाची पोच घ्या. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत आमवाताचे स्वतंत्र नाव नाही. मात्र सांध्यांना कायमची हानी होऊन हालचालींवर मर्यादा आली असेल, तर चलनविषयक दिव्यांगत्वाचे मूल्यमापन करून घेता येते, आणि ते चाळीस टक्के किंवा अधिक ठरल्यास कायद्यातील बहुतेक सवलती लागू होतात. तुमच्या बाबतीत हे लागू आहे की नाही, ते डॉक्टरांनाच विचारा. वर्ग बदलून मिळण्यासाठी मात्र या प्रमाणपत्राची वाट पाहत बसू नका.

राहिला मुलगा. त्याने वहीला पळवाट म्हटले याचे तुम्हाला वाईट वाटले आहे. पण ज्या महिन्यात त्याने हा शब्द वापरला त्याच महिन्यात तुम्ही गोळी सोडली होती, आणि घरात राहणाऱ्या मुलाच्या नजरेतून ते सुटले असेल असे मला वाटत नाही. त्याचा राग वहीवर नसून तिच्या भरवशावर आई औषध सोडते आहे या भीतीतून आलेला असावा, असा माझा अंदाज आहे. डॉक्टरांकडे जाताना त्याला सोबत न्या. आठवड्याच्या गोळीचा वार त्याच्या मोबाइलवर आठवणीला लावू द्या. एकदा औषधाची बाजू भक्कम झाली की वहीशी त्याचे भांडण बरेचसे मिटेल. न मिटले तरी हरकत नाही, वही तुमची आहे आणि ती त्याला आवडलीच पाहिजे असे नाही.

एक गोष्ट पत्रात नाही, तरी विचारते. वाक्ये भिडत नाहीत, हे फक्त वहीपुरते आहे की शाळेतील मुले, जेवण, आवडीची गाणी यांतही मन लागेनासे झाले आहे? आमवाताच्या रुग्णांमध्ये नैराश्य इतरांपेक्षा अधिक प्रमाणात आढळते आणि त्यावर उपचार आहेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ असे उदास, रिकामे वाटत असेल, झोप उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येते आणि फोनला पैसे पडत नाहीत. या बाबतीत सुविचार पुरा पडत नाही, आणि तो पुरा पडावा अशी अपेक्षा स्वतःकडून ठेवू नका.

डॉक्टरांची वेळ मात्र हे वाचून झाल्यावर आजच घ्या. भेटीला जाताना वहीतील गेल्या महिन्याच्या नोंदी, म्हणजे कोणत्या आठवड्यात गोळी घेतली नाही आणि सूज केव्हा सुरू झाली ते, एका कागदावर उतरवून न्या. बोटे दुखत असतील तर मुलाकडून उतरवून घ्या.